अडतीस सेकंदांचं बोलणं

आत्या उठली तेव्हा गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं.

ती घाईने उठली नाही. आधी बाबांच्या डोक्याखालची उशी सारखी केली, मग गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि पाहुण्यांनी भरलेल्या खोलीतून कुणाकडेही न बघता बाहेर पडली. अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली साइआने मोठा पडदा लावला होता. पडद्यावर बाबांचे फोटो एकामागून एक सरकत होते आणि त्यावर बाबांचाच चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज चालला होता: "सिआलेचं फूल निघून गेलं, बंदरात वास राहिला..." ऑकलंडचे आणि अमेरिकेतले नातेवाईक हे सगळं आपापल्या फोनवर थेट बघत होते. त्यांनाही दिसलं असणार की फेलेतीची, म्हणजे बाबांची, थोरली बहीण पडद्यासमोरून गेली, फाटकातून रस्त्यावर आली आणि परत फिरली नाही.

"बंद कर," लाविनिया भावाला म्हणाली.

साइआने फोनवर अंगठा दाबला. बाबा गिटार घेऊन पडद्यावर तसेच थांबले, तोंड अर्धवट उघडं.

"ताई, मी काय केलं? त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे. दुसरं कुठलं लावणार होतो?"

"तिच्यासमोर लावलंस. भावाच्या उशाशी बसलेल्या बहिणीसमोर. प्रेमाचं गाणं."

साइआचा चेहरा उतरला. भाऊ आणि बहीण एका छताखाली असताना असलं गाणं वाजू द्यायचं नाही, हे या बेटावरच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. घरात टीव्हीवर तसलं काही लागलं की साइआ लहानपणापासून खोलीबाहेर जायचा, लाविनिया मान खाली घालायची. पण बाबांचं हे गाणं इतक्या लग्नांत, इतक्या बसमध्ये, इतक्या फोनवर वाजलं होतं की ते कशाबद्दल आहे हे ऐकायचंच सगळे विसरले होते. त्यातून आत्याचं नावही सिआले. म्हणजे भावाने गायलेल्या प्रेमगीतात बहिणीचंच नाव, तेही त्याच्या मयतात.

उद्या सकाळी दहाला दफन होतं. मयताच्या उशाशी थोरल्या बहिणीने बसायचं, लोकांनी भेट आणलेल्या चटया तिने स्वीकारायच्या, पेटीवर झाकण लावा असं तिने म्हणायचं. तिने म्हटल्याशिवाय कुणी पेटीला हात लावत नाही. आणि आता उशाशी नुसती तिची दुमडलेली चटई होती.

*

मागच्या खोलीत आई फुलं ओवत बसली होती. सिआलेचीच फुलं, पांढरी, जाड पाकळ्यांची. नवरा गेल्यापासून ती फार बोलली नव्हती. लाविनिया, साइआ आणि सेमिसीकाका आत आले तरी तिची सुई थांबली नाही.

सेमिसीकाका हे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांच्या बँडमध्ये युकुलेली, ती चार तारांची छोटी गिटार, वाजवायचे. बँडमधले ते एकटेच उरले होते. सकाळपासून पुरुषांबरोबर काव्हाच्या मुळांचं गुंगवणारं पेय पीत बसल्यामुळे त्यांचे डोळे जड झाले होते, पण जीभ नाही.

"हाआपाई बेटावरची आपली चुलत बहीण आलीय ना," ते म्हणाले. "तिला बसवा उशाशी. नात्याने ती पण बहीणच. सिआले अक्काला बोलवायला आता कोण जाणार? मी नाही जात बाबा. लहानपणी तिने मला एकदा नारळाच्या झावळीने फोडलंय."

"तेच करा भाऊजी," आई म्हणाली. "वन्संचा मान त्यांनी स्वतःच सोडला. आपण कुणी हाकललं नाही."

"आई, सख्खी बहीण दोन गावांपलीकडे असताना चुलत बहिणीच्या हाताने बाबांना पुरायचं?" लाविनिया म्हणाली.

"मग काय करू? एका गाण्यासाठी त्यांच्या पाया पडू? माझ्यावर लिहिलेलं गाणं आहे ते. तुझ्या बाबांच्या मयताला ते नाही लावायचं तर कुठलं लावायचं?"

तसं सगळ्या गावाला ते माहीत होतं. चौऱ्याऐंशी साली टेप आली, पंच्याऐंशीत आईबाबांचं लग्न झालं. तेव्हा आई केसात रोज सिआलेचं फूल घालायची. लाविनियाच्या आणि साइआच्या लग्नात ती या गाण्यावर नाचली होती आणि बाबा खुर्चीत बसून टाळ्या न वाजवता बघत होते. लाजतायत, असं सगळे म्हणाले होते.

"पण हे सगळं तुझ्यामुळे," काका आता साइआवर घसरले. बाबांची गाणी फोनवर सुटी विकायचं काम तो बघायचा. "पूर्वी माणूस टेप विकत घ्यायचा म्हणजे अख्खा माणूस घरी न्यायचा. त्याचं हसणं, खोकणं, तार जुळवणं, सगळं. तू बापाचे तुकडे करून विकलेस, मटणवाल्यासारखे. एक मांडी याला, एक त्याला."

"काका, तुमची बाकीची नऊ गाणी मी फुकट देऊन बघितली. कुणी नेली नाहीत."

"त्यातल्या चौथ्यात माझा सोलो आहे!"

"म्हणूनच म्हणतो."

काका हसले. मग पुढच्या खोलीत कोण झोपलंय हे आठवून त्यांनी तोंडावर हात धरला.

"तुकडे साइआने नाही केले," लाविनिया म्हणाली. "मी केले."

ते खरं होतं. दोन हजार नऊ साली ती शिकायला होती आणि सुट्टीत घरी आली होती. बाबांचं टेपचं दुकान समुद्राकाठच्या रस्त्यावर अजून चालू होतं, पण गिऱ्हाईक येऊन विचारायचं, यातलं ते एकच गाणं फोनमध्ये घालून द्याल का? तेव्हा तिने बाबांची मूळ टेप कॉम्प्युटरला जोडून उतरवली. जिथे शांतता आली तिथे कॉम्प्युटरने स्वतःच काप घेतला. अकरा फाइली झाल्या. दहा गाणी, आणि पाचव्या गाण्यानंतर एक बोलणं. फाइल क्रमांक सहा, अडतीस सेकंद. तिने ती सुरू केली होती. बाबांचा आवाज आला: "ऐकणाऱ्यांनो, एक सांगायचंय..." आणि तिने थांबवून दारातून विचारलं होतं, "बाबा, हे बोलणं ठेवू का?"

बाबा काही म्हणायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "काढून टाक. बोलणं कोण विकत घेतं?"

बाबा गप्प राहिले. लाविनियाने फाइल पुसली. पुढचं गाणं, ते सिआलेचं, आजवर एकेचाळीस हजार वेळा डाउनलोड झालं होतं. बाकीची नऊ मिळून नऊशेही नाही. लोकांकडच्या टेपा तोवर केव्हाच फेकल्या गेल्या होत्या. मग तिकडे समुद्रात ज्वालामुखी फुटला, लाट आली, आणि दुकानातल्या टेपा, मूळ टेपसकट, राख आणि खाऱ्या पाण्याच्या चिखलात गेल्या. लाविनिया आता पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. आकडे तिच्या डोक्यातून जात नसत. त्या बोलण्याची लांबी तिला सेकंदात पाठ होती. त्यात काय होतं, ते मात्र तिने ऐकलंच नव्हतं.

"काका, गाण्याच्या आधी बाबा काहीतरी बोलले होते. सिआलेच्या गाण्याच्या आधी. काय बोलले?"

"बोलला होता खरा." काकांनी डोकं खाजवलं. "माझी तार तुटली होती. मी ती बदलत होतो म्हणून वेळ काढायला बोलत बसला, असं मला वाटलं. मी कुठे लक्ष देतोय! चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग, बाहेर डुकरं ओरडतायत, तार हातात लागत नाहीये... वहिनी होत्या की तिथे. रोज चहा घेऊन यायच्या. चहासाठीच येतायत असं आम्हाला सांगायच्या."

आईने दोरा दाताने तोडला.

"चाळीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवतंय," ती म्हणाली. "नमस्कार-चमत्कार केला असेल. बोलणं ते बोलणं."

लाविनिया उठली. "मी आत्याकडे जाते. साइआ, गाडी काढ."

"कशाला?" आई म्हणाली. आवाज एकदम चढला होता. "जाऊन काय सांगणार आहेस?"

"माफी मागणार आहे. फाइल मी पुसली."

साइआने एकदा आईकडे बघितलं, एकदा ताईकडे. सकाळपासून तो आईच्या बाजूने होता. मग त्याने खिशातून किल्ली काढली.

*

आत्याचं घर लहान होतं आणि काटेकोर स्वच्छ. ऑकलंडला इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं काढून, नवरा गेल्यावर ती परत आली होती. तिच्याकडे अजूनही चादरीला चारही कोपरे सारखे असत. ती पडवीत बसली होती. अंगावर सकाळचेच काळे कपडे, कमरेला सुतकात बांधायची चटई. चटई तिने सोडलेली नव्हती, हे लाविनियाने आधी पाहिलं.

साइआ पायरीच्या खालीच मातीत बसला आणि त्याने मान खाली घातली. लाविनिया पडवीच्या कडेला बसली.

"आत्या, चूक आमची आहे."

"तुमची कसली चूक." आत्याचा आवाज कोरडा होता. "तुम्ही त्याच्या पोटची. त्याने जे केलं तेच तुम्ही वाजवलंत."

"त्यांनी काय केलं?"

आत्याने साइआकडे बघितलं. "तू गाडीपाशी जा बाळा. हे बायकांचं बोलणं आहे."

साइआ उठून रस्त्यावर गेला आणि फळं धरलेल्या एका जुन्या नीरफणसाच्या झाडाखाली पाठ करून उभा राहिला.

"सत्त्याऐंशी साली माझं लग्न झालं," आत्या म्हणाली. "ऑकलंडला, चर्चच्या हॉलमध्ये. जेवणं झाल्यावर कुणीतरी ते गाणं लावलं. मी तोवर ऐकलेलं नव्हतं. भावाचं गाणं, आपण कशाला ऐकायचं? लोक नाचायला उठले. नवऱ्याकडचा एक जण माइक घेऊन म्हणाला, हे बघा, नवरीचं नाव आणि गाण्यातलं नाव एकच, गाणारा कोण? सख्खा भाऊ! हॉल हसला. दोनशे माणसं. माझे सासरे उठून बाहेर गेले."

तिने पडवीच्या फळीवरचं वाळकं पान उचलून बाहेर टाकलं.

"फुलं काय कमी होती का बेटावर? त्याला तेवढंच एक फूल सापडलं?"

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?"

"भावाला? असलं?" आत्याने असं बघितलं की लाविनियाला आपला प्रश्न लाजिरवाणा वाटला. "छत्तीस वर्षं मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पुढच्या दाराने तो आला की मागच्या दाराने मी गेले. लोक म्हणायचे, सिआले किती मान राखते भावाचा."

लाविनियाला आठवलं. तीही तेच म्हणायची. इथे भाऊबहिणींनी एकमेकांशी जपून, कमी बोलायचं हीच रीत. त्यामुळे आत्या बाबांचा मान ठेवतेय की राग धरून आहे, हे बाहेरून सारखंच दिसत होतं.

"आत्या, टेपवर त्या गाण्याच्या आधी बाबा अडतीस सेकंद बोलले होते. रेडिओवाल्यांनी ते गाळलं, टेप घेणारे ते पुढे पळवून थेट गाणं लावायचे. मी पुसलं. त्यात काय होतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण आता ती टेप कुठेच नाही, आणि मी..."

"माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली.

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापडाच्या आत कॅसेट. वरचं पातळ पारदर्शक वेष्टन तसंच होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. वेष्टनाखाली सत्तावीस वर्षांचे बाबा पांढऱ्या शर्टात हसत होते.

"टेप आली त्याच महिन्यात त्याने पाठवली होती. भावाने दिलेलं टाकून देता येत नाही. आणि असलं गाणं ऐकताही येत नाही. म्हणून ठेवली."

लाविनियाने ती हातात घेतली. एकोणचाळीस वर्षं. तिला एकदम समजलं. बाबांना वाटत होतं, बहिणीने ऐकलंय. जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते त्यांनी टेपवर बोलून पाठवलं होतं आणि मग उत्तराची वाट बघितली होती.

*

कॅसेट लावायला जागा एकच होती. साइआच्या जुन्या जपानी गाडीत टेपची खाच होती आणि त्याने ती कधी वापरली नव्हती. लाविनियाने वेष्टन कात्रीने कापलं आणि उजेडात धरून आत पाहिलं. रिळाच्या कडेला बुरशीचे बारीक पांढरे ठिपके होते. बंद वेष्टनातसुद्धा दमट हवा शिरतेच.

"आत्या, ही एक दिवस कोरडी करायला हवी. माझ्या प्रयोगशाळेत सोय आहे. आज लावली तर तुटू शकते."

"उद्या दहाला त्याला पुरायचंय."

"मग निदान फोनवर भरून घेऊ द्या. एकदाच वाजेल कदाचित."

"नको." आत्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि पडवीच्या फळीवर उपडा ठेवला. "जे काय असेल ते तो मला बोलला असेल. एकेचाळीस हजार माणसांना नाही."

बोलणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला होतं आणि नवी कॅसेट पहिल्या बाजूच्या सुरुवातीला असते. सगळी फीत इकडची तिकडे न्यायला हवी होती. मोटरवर लाविनियाचा विश्वास नव्हता. तिने पेन्सिल घातली आणि हाताने फिरवायला लागली, सावकाश, थर एकमेकांना चिकटलेत का ते प्रत्येक फेरीला जाणवून घेत. दोनदा फीत अडली, दोनदा सुटली. आत्या शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. वीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात ती एकदाच बोलली: "लहानपणी त्याच्या पतंगाचा दोरा मी असाच गुंडाळून द्यायचे."

साइआ झाडाखाली पाठ करूनच होता. बहिणीच्या शेजारी बसून तो हे ऐकणार नव्हता. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

लाविनियाने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग हॉलमधला पोकळ आवाज, लांबून एक डुक्कर, कुणाची तरी तार टुंग करून वाजली. मग बाबा.

"ऐकणाऱ्यांनो, एक सांगायचंय. पुढचं गाणं प्रेमाचं नाही. उद्याच्या विमानाने माझी थोरली बहीण ऑकलंडला चाललीय. इस्पितळात चादरी धुणार आहे, आमच्या घरावर पत्रा यावा म्हणून. मी तिला तोंडावर निरोप देऊ शकत नाही, तुम्हाला रीत ठाऊक आहे. म्हणून इथे देतो." मध्ये श्वास. "अक्का, नीट जा. आणि बाकीच्यांनो, ऐका, पण या गाण्यावर नाचू नका."

गिटार सुरू झाली. आत्या हलली नाही. पहिली ओळ आली, बंदरात वास राहिला, आणि "राहिला"चा शेवट लांबला, जाड झाला, खाली घसरला. आतून पाचोळा चुरगळल्यासारखा आवाज आला. लाविनियाने बटण दाबलं तोवर उशीर झाला होता. तिने कॅसेट बाहेर ओढली, तिच्या मागे तपकिरी फीत लांबच लांब येत राहिली, दोन ठिकाणी तुटलेली, बाकीची चुरगाळून काळी झालेली.

"जोडता येईल का?" आत्याने विचारलं.

लाविनियाने फीत बोटांवर धरून पाहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"ते अडतीस सेकंद नाही. तो भाग आतल्या चाकाखाली गेला."

आत्याने मान हलवली. मग तिने ती फीत गोळा केली, चादर दुमडावी तशी नीट दुमडली आणि सालीच्या कापडात ठेवली. रडली नाही. बराच वेळ समोरच्या काचेतून साइआच्या पाठीकडे बघत राहिली.

"पत्रा," ती म्हणाली. "अजून तोच पत्रा आहे तुमच्या घरावर."

"हो."

"मी एकदा जरी वेष्टन फाडलं असतं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तुझ्या आईला हे गाणं कुणाचं वाटतं?"

"तिचं. सगळ्यांनाच वाटतं."

आत्याने खाली बघितलं आणि कमरेची चटई घट्ट केली.

"चल," ती म्हणाली. "पोराला बोलव. ऊन उतरायच्या आत पोचलं पाहिजे."

*

फाटकाशी गाडी थांबली तसा मांडवातला आवाज थांबला. पुरुषांनी पाय आवरले, बायकांनी वाट दिली. आत्या सरळ पुढच्या खोलीत गेली, दुमडलेली चटई उलगडली आणि भावाच्या उशाशी बसली. सालीच्या कापडातलं ते गाठोडं तिने त्याच्या खांद्याजवळ, पांढऱ्या कापडाखाली सरकवलं. कुणी विचारलं नाही. बहिणीने काय ठेवायचं हे बहिणीने ठरवायचं.

हाआपाईची चुलत बहीण न बोलता भिंतीकडे सरकली. सेमिसीकाका दारात उभे होते. त्यांनी सुटकेचा मोठा श्वास घेतला.

आई पायाशी बसली होती, मांडीवर अर्धा झालेला हार. "या वन्सं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

लाविनिया तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने आईने हळूच विचारलं, "टेप होती म्हणे त्यांच्याकडे. साइआ सांगत होता."

"होती."

"चालली?"

"चालली. मग तुटली."

"पूर्ण तुटली?"

"पूर्ण."

"बरं," आई म्हणाली आणि पुढचं फूल उचललं.

लाविनिया वाट बघत राहिली. पुढचा प्रश्न आला नाही. टेपवर काय होतं, हे आईने विचारलं नाही. काकांनी विचारलं असतं, साइआने गाडीत तीनदा विचारलं होतं, शेजारच्या बाईच्या तोंडावर सुद्धा तोच प्रश्न होता. चर्चचा हॉल, चहाची किटली, दारात उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी. आणि मग स्वयंपाकघरातून आलेला तो आवाज: बोलणं कोण विकत घेतं? लाविनिया चौदा वर्षं ते वाक्य व्यवहाराचं समजत आली होती.

आणि बाबा? ते गप्प राहिले होते. बहिणीचं उत्तर पंचवीस वर्षांत आलं नव्हतं, आणि बायको स्वयंपाकघरात उभी होती.

"साइआ," आत्याने हाक मारली.

साइआ उंबऱ्याबाहेरच गुडघ्यावर बसला. "आत्या."

"उद्या पेटी निघताना ते गाणं लाव. सिआलेचं."

खोलीत कुजबुज झाली. काकांचे डोळे मोठे झाले. "अक्का, खरंच? नाही म्हणजे, सकाळी तर..."

"सकाळी मला ते ठाऊक नव्हतं. तुझ्या वहिनीचं गाणं आहे ना? मग नवऱ्याच्या मयताला वाजायलाच हवं." आत्या बाबांच्या कपाळावरचं कापड सारखं करत होती. मग तिने मान वर केली आणि पायाशी बसलेल्या भावजयीकडे बघितलं, शांतपणे, पापणी न हलवता.

"फक्त एक. ऐका, पण या गाण्यावर नाचू नका."

"अक्का, मयताला कोण नाचतंय!" काका म्हणाले. दोघीतिघी बायका तोंडावर हात धरून हसल्या, साइआही हसला. दिवसभरात पहिल्यांदाच त्या घरातून थोडा ताण गेला.

आईची सुई थांबली होती.

ती पुन्हा हलायला किती वेळ लागला, हे लाविनियाने मोजलं नाही. ती फक्त आईच्या हाताकडे बघत होती. सिआलेच्या पाकळीला दाब सोसत नाही. दोन बोटांत धरलेलं फूल आईने सोडलं नव्हतं, आणि जिथे अंगठा रुतला होता तिथून ते हळूहळू तपकिरी पडत चाललं होतं.